मोठ्या मायच्या नावाचं वावर

मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, नावावर एक वावर होतं. गावाच्या उगवतीला, पांधीला म्हणजे गाडीवाटेला लागून, सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर, बोलण्यात दोन एकर. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या बोरीकाठच्या गावात त्या काळी बाईच्या नावावर जमीन असली, तर ती बाई विधवा असायची, नाहीतर सीलिंगच्या, म्हणजे जमीन बाळगण्याच्या कमाल मर्यादेच्या, धाकाने केलेली ती कागदोपत्री वाटणी असायची. मोठ्या मायचं तसं नव्हतं. बाबा, म्हणजे माझे आजोबा, चांगले धडधाकट होते. कुणाचं देणं नव्हतं, भावकीत भांडण नव्हतं. तरी त्यांनी ते वावर बायकोच्या नावावर करून दिलं.

२०२५ च्या माघात मोठी माय गेली. त्र्याऐंशीच्या आसपास वय होतं. ती गेल्यावर वावराच्या वारस नोंदीचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकला नोकरी करते, पण घरात कागद वाचायची सवय असलेली मीच, शिवाय वारसांतही माझं नाव होतं. त्या कामाच्या निमित्ताने मोठ्या मायबद्दल जे कळलं, जे आठवलं, ते लिहून ठेवायचं आहे. पुढेमागे कुणाला अशी नोंद करायची असेल तर त्यालाही उपयोग होईल.

वावर तिच्या नावावर आलं त्यामागे चांदवड होतं. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं. आमच्या गावातून बायांचा एक ट्रक गेला, धुळे-मालेगाव करत आग्रा रोडने. मोठी माय तेव्हा चाळिशीपार होती आणि त्याआधी धुळ्याच्या पुढे कधी गेलेली नव्हती. भाकरी, खुडा आणि एक घोंगडी एवढं बांधून घेतलं होतं. तिथलं काय आठवतं असं विचारलं की ती भाषणांचं फारसं सांगायची नाही. सांगायची ते बायांचं. इतक्या बाया तिने एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यातल्या बहुतेकींच्या हाताला तिच्यासारखेच घट्टे होते. ट्रकमधून गाव दिसायला लागलं तसा सगळ्यांचा आवाज खाली आला, हेही ती सांगायची. गावात शिरताना मोठ्याने गाणं म्हणत येणं शोभेल का, याचा विचार प्रत्येकीच्या मनात आला होता म्हणे.

त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्याने आपखुशीने थोडी तरी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करावी. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि त्या गावी जोशी स्वतः जात. आमचं गाव शंभरापर्यंत पोचलं नाही. बाबांसारखे मोजकेच निघाले. चावडीवर बाबांना लोक म्हणायचे, म्हातारपणी ही तुम्हाला वावरात पाय ठेवू देणार नाही बघा. बाबांचं उत्तर मला मोठ्या मायकडूनच कळलं: आजवर कष्ट तिने केले आणि कागद मी सांभाळला, आता कागदही ती सांभाळेल.

तिने कागद खरोखर सांभाळला. लोखंडी पेटीत, नऊवारी लुगड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ती गेल्यावर पेटी मायने, म्हणजे माझ्या आईने, उघडली. पिशवीत वेगवेगळ्या काळातले सातबाऱ्याचे उतारे होते, हाताने लिहिलेले आणि अलीकडचे कॉम्प्युटरचे. फेरफाराची, म्हणजे नावबदलाच्या नोंदीची, नक्कल होती, सोसायटीच्या जुन्या पावत्या होत्या आणि संघटनेचा लाल बिल्ला होता, टाचणी गंजलेला. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर बाबांच्या नावाला कंस केलेला होता आणि खाली तिचं नाव. तिला अक्षरओळख बेताची होती, पण त्या उताऱ्यावर आपलं नाव कुठे आहे हे ती बोट ठेवून दाखवायची. पाहुणे आले, बोलता बोलता जमिनीचा विषय निघाला की पेटीकडे उठायची. मन्हं वावर शे, म्हणायची.

अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा मी चौथीत होते आणि भाऊ अंगणवाडीत. मायचं वय तिशीच्या आत. माहेरच्यांनी तिला न्यायची भाषा केली, आमच्याही घरात कुजबुज होती. मोठ्या मायने तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठीची किल्ली मायच्या हातात दिली आणि मला घेऊन वावरात गेली. तिने त्या दिवशी माझ्याशी रडण्याबिडण्याचं काही बोललं नाही. बांधावरून चालत तिने मला चारी कोपरे दाखवले. पांधीकडची बाजू खोलगट, पाणी धरून ठेवते. वरची बाजू निचऱ्याची. उत्तरेचा बांध पावसाळ्यात फुटतो, तिथे दरवर्षी दगड टाकावे लागतात. नवव्या-दहाव्या वर्षी मला यातलं काय कळणार होतं? पण पाठ झालं. आजही डोळे मिटून तो बांध चालू शकते.

तिच्याबरोबर सगळ्यात जास्त वेळ गेला तो कापूस वेचणीत. दिवाळीच्या आगेमागे शाळेला सुट्टी लागली की मला ओटी बांधून मिळायची, तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्याची. दव सुकल्याशिवाय ती बोंडाला हात लावू द्यायची नाही, कारण ओला कापूस ढिगात पिवळा पडतो. आणि ऊन कडक झालं की थांबवायची, कारण वाळलेल्या पाल्याचा चुरा कापसाला लागतो आणि व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो. मधल्या वेळात तिचे हात पाहण्यासारखे असायचे. तीन बोटं बोंडात शिरायची, चारी फोडींमधला कापूस एका ओढीत बाहेर, अंगठ्याने पाल्याचा कण झटकला की ओटीत. डावा हात तोवर पुढच्या बोंडावर. मी दोन्ही हातांनी एकच बोंड धरून बसलेली असायची, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसायची. संध्याकाळी ती माझी बोटं कोमट पाण्यात बुडवायची आणि त्यावर गोडं तेल चोळायची. तिच्या स्वतःच्या बोटांवर तेच ओरखडे काळे पडून कायमचे बसले होते. कवडी पडलेला, म्हणजे डागी, कापूस ती चांगल्यात कधी मिसळू द्यायची नाही. तो वेगळ्या फडक्यात. गावात मिसळणारे पुष्कळ होते. तिचा कापूस म्हटलं की व्यापारी ढिगात हात घालून पाहायचे नाहीत, एवढा तिचा शब्द होता.

वेचणी संपली की मजुरणींचा कापूस तराजूवर मोजला जायचा, किलोप्रमाणे मजुरी. मोठी माय त्याच रांगेत मायचाही कापूस मोजायची आणि तेवढे पैसे मायच्या हातात ठेवायची. एकदा काकूने विचारलं, घरच्या सुनेला कसली मजुरी? मोठी माय म्हणाली, "वावर मन्हं शे, हात तिन्हा शेतस." त्यावर कुणी काही बोललं नाही. मायला हातात आलेले पहिले स्वतःचे पैसे ते. त्यातूनच माझी दहावीची फी गेली, पुढे अमळनेरच्या प्रताप कॉलेजात घातलं तेव्हाची एस.टी.ची पासही. मुलीला अमळनेरला रोज कशाला पाठवायचं, असं घरात निघालं तेव्हा मोठी माय म्हणाली की तिचा खर्च माझ्या वावरातून होतो, तुम्ही हिशेब करू नका.

उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून बिबडे घातले जायचे, कुरडयांचा गव्हाचा चीक शिजायचा. पहिली वाटी आम्हा पोरांची, वर साखर. वैशाखात बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे ती आम्हाला रथाच्या दिवशी न्यायची, आणि पाळण्यात बसायला पैसे देऊन स्वतः खाली वाळूत बसून राहायची. या आठवणी खान्देशात सगळ्यांच्याच घरच्या असतील, म्हणून लांबवत नाही. पण आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुढे कागदात आली.

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या, आंबे. पुरणपोळी, आमरस, कुरडई-पापडाचं पान. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. मोठी माय दरवर्षी मोठ्या घागरीच्या शेजारी एक लहानशी, वाटीएवढ्या तोंडाची घागर भरायची. त्यावर डांगर मावायचं नाही, म्हणून एकच लहान सांजोरी ठेवायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही कुणाची? "आपलंच माणूस शे," एवढंच. बाबा वारले तेव्हाही मोठी घागर बाबांच्या नावाची झाली आणि लहान तशीच राहिली. मोठ्यांनाही याचं कधी आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही, म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही.

तर वारस नोंद. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते. ती काकांनी लगेच केली, त्यामुळे दाखला वेळेवर हाती आला. वारसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत देणं अपेक्षित असतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, सगळ्या वारसांचे आधार, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ, एवढं जमवायचं. अर्ज आता ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनही देता येतो. तलाठ्याचं पद सरकारने २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी केलं, गावात मात्र अजून तलाठी आप्पाच म्हणतात. त्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये जिवंत सातबारा मोहीम राज्यभर सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावून घ्या म्हणून गावोगाव सांगणं चालू होतं, त्यामुळे आमच्या कामाला वेग आला.

पहिली अडचण तिच्या नावाची. सातबाऱ्यावर तिचं एक नाव, आधार कार्डावर त्याच नावाचं दुसरं रूप. मृत्यूचा दाखला आधारप्रमाणे निघाला. म्हणजे कागदाच्या हिशेबाने वावर एकीचं आणि मेली दुसरीच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी हे त्यांच्या हयातीत तपासून घ्यावं. नंतर ते सिद्ध करताना जीव तुटतो. जी बाई उताऱ्यावर स्वतःचं नाव बोटाने दाखवायची, तीच ही बाई, असं शपथेवर लिहून देताना मला फार जड गेलं.

वंशावळ आम्ही घरीच मांडली. द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्यांची ये-जा संपली होती, गंधमुक्ती होऊन गेली होती, दोन्ही फुया, म्हणजे आत्या, अजून घरीच होत्या. ओसरीत चटई टाकून मी कोरा कागद घेतला. आमच्या घरात बाबांच्या जमिनीसाठी पूर्वी जी वंशावळ केली होती ती पणजोबांपासून सुरू होते आणि पुरुषांच्या नावांनी खाली उतरते. या कागदावर सगळ्यात वर मोठ्या मायचं नाव आलं. खातेदार तीच ना! तिच्या नावाखाली रेघ, रेघेखाली तिची मुलं: काका, मोठी फुई, अण्णा (मयत), धाकटी फुई. अण्णांच्या खाली मी आणि भाऊ. बाबांचं नाव तिच्या बाजूला, पती म्हणून, कंसात मयत. मी ते पाहत राहिले. आयुष्यभर जी कुणाची तरी पत्नी, कुणाची तरी आई म्हणून कागदावर होती, तिच्यापासून आमचं सगळं घराणं सुरू झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

मी कागद मोठ्या फुईसमोर धरला. तिने चष्मा पुसून वाचला आणि म्हणाली, "एक राही गयं."

अण्णांच्या पाठची एक मुलगी होती. १९७२ च्या दुष्काळात मोठी माय आणि बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. खायला मिलो ही लाल ज्वारी आणि पोरांना सुकडी. ती मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. कामावर झाडाखाली झोळी बांधून तिला निजवायचे. हगवण लागली आणि दोन-तीन दिवसांत गेली. मोठी फुई तेव्हा आठ-नऊ वर्षांची, झोळीला झोका द्यायचं काम तिच्याकडे होतं. पन्नास वर्षांहून जास्त काळ हे फुईला माहीत होतं आणि तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं, कारण मोठी माय काढत नव्हती. धाकटी फुई दुष्काळानंतरची. तिलाही आपल्याआधी एक बहीण होऊन गेली हे नीटसं ठाऊक नव्हतं. ती तिथेच पदरात तोंड घालून रडायला लागली.

तेव्हा मला ती लहान घागर कळली.

लहानपणी वारलेल्या मुलीला वारस नाहीत, त्यामुळे तिचं नाव लिहिलं नाही तरी नोंदीला काही फरक पडत नाही. मला तसं सांगण्यातही आलं. मोठी फुई ऐकेना. लिही म्हणाली. मी अण्णा आणि धाकटी फुई यांच्या मधोमध जागा करून त्या मुलीचं नाव लिहिलं आणि पुढे 'अविवाहित मयत'. सरकारी दप्तरात तिचं नाव कुठेतरी लागण्याची ही पहिलीच वेळ असावी. वंशावळीवर सगळ्यांनी सह्या केल्या.

दुसरी गोष्ट मायची. मी वारसांत, भाऊ वारसांत, आणि माय नाही. मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक असेल. चूक नव्हती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ असं आहे की बाई मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या मिळकतीचे पहिले वारस म्हणजे तिची मुलं, मुली, आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं, आणि नवरा. आधी वारलेल्या मुलाची बायको त्या ओळीत बसत नाही. पुरुषाच्या मिळकतीला मात्र ती पहिल्या वर्गातली वारस. म्हणून बाबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मायचं नाव आलेलं आहे, आणि सासूच्या वावरावर येत नाही. ज्या वावरात तिने वीस-पंचवीस वर्षं निंदणी-वेचणी केली, ज्याचा बांध कुठे फुटतो हे आता घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नाही, त्या वावराची ती कायद्याने कुणीच नाही. याचा मला राग आला आणि अजून आहे. बाईची मिळकत बाईकडून बाईकडे जायची वाट कायद्याने एवढी अरुंद का ठेवावी? मृत्युपत्र असतं तर हे वेगळं झालं असतं. ज्यांच्या घरी विधवा सून सासूच्या नावाची जमीन कसते आहे, त्यांनी सासूबाई असतानाच हे बोलून घ्यावं.

मायला मी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुम्ही दोघं आहात ना त्यात. थोड्या वेळाने, भाकर तव्यावर टाकून झाल्यावर, म्हणाली, "तिले माहित ऱ्हातं तं तिनी करी दियं ऱ्हातं." सासूवर तिचा एवढा विश्वास, आणि तो खरा होता.

३० एप्रिलला आखाजी आली. फुया माहेरी आल्या, वर्षातली पहिली घागर मोठ्या मायच्या नावाने भरायची होती. खापरावरच्या पुरणपोळ्या मोठ्या फुईने केल्या. हातावर एवढी मोठी पोळी पसरवत नेऊन खापरावर टाकायची ती लकब मोठ्या मायची जशीच्या तशी तिच्यात उतरली आहे, फक्त पोळी टाकताना मोठी माय श्वास रोखायची तसं ती करत नाही. मोठी घागर भरली आणि शेजारी लहान ठेवली. लहान घागर धाकट्या फुईने भरली.

दुपारी जेवणं झाल्यावर विषय निघालाच. आखाजी, राखी, असे बहिणी घरी येण्याचे दिवस पाहून हक्कसोडाचे, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचे, कागद पुढे केले जातात हे आमच्या भागात सर्रास चालतं. साडी-चोळी करायची आणि सही घ्यायची. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने काकांना सांगितलं, नोंद होतेच आहे, लगे हात बहिणींचं हक्कसोड उरकून घ्या, पुढे त्यांची पोरं उभी राहतील. मी मध्ये बोलले. हक्कसोड साध्या कागदावर चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि वारस नोंदीला त्याची काही गरज नाही, एवढं सांगितलं. मुलींचा हक्क मुलांएवढाच, त्यात कुणी कुणाला देण्याघेण्याचा प्रश्न नाही, हेही. काका गप्प होते. त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही, पण आईला खाली मान घालायला लागेल असं त्यांनी जन्मात काही केलेलं नव्हतं.

बोलली मोठी फुई. बोलताना तिचा आवाज चढला नाही. बापाच्या जमिनीचं आम्ही दोघींनी सोडलं, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते गेलं. पण हे आईचं आहे. आई चांदवडला गेली होती. "आम्हले पीक नको, पैसा नको. नाव ऱ्हाऊ द्या." आईच्या नावाच्या जागी लेकींची नावं नाही लागली, तर आईचं नाव लागून तरी काय उपयोग झाला, असं तिने विचारलं.

काका उठले, घागरीजवळ गेले, पाया पडले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, पाचही नावं लावा. दोन लेकी, दोन नातवंडं आणि ते स्वतः. मला त्या क्षणी काकांबद्दल जे वाटलं ते लिहिता येत नाही.

पुढचं काम नियमाने होत गेलं. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत झाली, चौकशी झाली, मग फेरफार धरला गेला. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात. कुणाची हरकत नव्हती. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि काही दिवसांनी नवा सातबारा मोबाईलवर दिसला. पूर्वी जुन्या नावाला कंस करायचे, आता आडवी रेघ मारलेली दिसते. मोठ्या मायच्या नावावर ती रेघ होती. खाली पाच नावं. मी त्या उताऱ्याची छापील प्रत काढून मायला दिली आणि मायने ती त्याच पेटीत, त्याच पिशवीत ठेवली.

माझा आणि भावाचा हिस्सा बक्षीसपत्र करून मायच्या नावावर द्यायचं आम्ही ठरवलं आहे. त्यासाठी दस्त नोंदवावा लागेल, त्याची माहिती घेणं चालू आहे. मायला हे अजून पटलेलं नाही, ती म्हणते तुमचं तुमच्याकडे राहू द्या. पण मोठ्या मायने तिची मजुरी तराजूवर मोजून दिली होती, तेव्हा ती घेतलीच ना तिने.

मृग लागायच्या आधी मोठ्या फुईचा फोन आला. आजवर ती सणावारालाच फोन करायची. या वेळी विचारत होती, वावरात काय घेताय? काकांचं म्हणणं कापूस. फुईचं म्हणणं, दरवर्षी कापूस घेऊन जमीन थकली, मूग घ्या आणि मूग निघाल्यावर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरा. आईच्या वावरातली दादरची भाकर खाऊन वर्षं झाली. दोघांची फोनवर चांगली जुंपली. धाकट्या फुईला मध्ये घेतलं तर ती म्हणाली भुईमूग. शेवटी फोन मायकडे गेला. मायने सांगितलं की पांधीकडच्या बाजूला ओल टिकते, तिकडे मूग आणि मागून दादर. वरच्या निचऱ्याच्या बाजूला कापूस. काकांनी ऐकलं. दादर निघाली की दोन पोती तुमच्याकडे पोचती करते, असंही माय फुईला म्हणाली.

"पोता धाडू नका," फुई म्हणाली, "मी सवता काढनीले येसू."